रडकं लोखंड

आमच्या संचालकांना बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची सवय आहे. हात मऊ असतो, किंचित ओलसर, आणि तो उचलून घ्यायचं त्यांच्या लक्षात राहत नाही. त्या सकाळी तो माझ्या मनगटावर होता आणि दुसऱ्या हाताने ते टेबलावरचा आराखडा सरळ करत होते.

"हे नवं दालन. ही समोरची भिंत. आणि ह्या भिंतीवर," ते थांबले, माझ्याकडे पाहून मान तिरकी केली, "तुमच्या आईचं नाव. अक्षरं कशी असणार, सांगा बघू? दोरखंडाची! जहाजाचा दोर वळवून केल्यासारखी."

मी हात सोडवून घेतला आणि टेबलाखाली रुमालाला पुसला.

समुद्राखालच्या पुरातत्त्वाचा विभाग ह्या संग्रहालयात आईने सुरू केला. बुडालेली जहाजं शोधायची, ती जिथे पडलीत तिथेच मोजायची, चित्रं काढायची, आणि जे वर आणायचं ते नासू न देता टिकवायचं, हे काम. तिच्या हाताखाली मी बरीच वर्षं काढली. प्रयोगशाळेत ती मोठ्या बाई, मी धाकट्या बाई. ती गेली त्याला वर्ष व्हायचं होतं आणि विभाग माझ्याकडे आला होता. रसायनं पुरवणाऱ्यांचे फोन अजून यायचे: मोठ्या बाई आहेत का? मी नाहीत म्हणायची. कधी येतील, असं विचारलं की मी आमची मागणी सांगायला लागायची.

"दालनात ठेवणार काय?" मी विचारलं. "आईने वर आणलेलं आपलं जहाज अजून पाण्याच्या टाकीत आहे. त्याची लाकडं एवढ्यात बाहेर काढली तर तडकून चुरा होईल."

"तुमची लाकडं राहू द्या हो पाण्यात. पूर्ण संग्रह मिळतोय. दान म्हणून!" आणि त्यांनी देणाऱ्याचं नाव सांगितलं.

ह्या माणसाला आमच्या प्रयोगशाळेत भंगारवाला म्हणतात. बंदरांच्या तोंडाशी बुडालेली जहाजं साफ करायची कंत्राटं तो घेतो. साफ करायचं म्हणजे सुरुंग लावून फोडायचं आणि धातू विकायचा. त्यात काही जुनं, नक्षीदार हाताला लागलं की तो ते ग्राइंडरने घासतो, वर चकाकतं वॉर्निश मारतो आणि दिवाणखान्यात मांडतो. आईकडे तो दोनदा आला होता. पहिल्या वेळी मी तिथेच होते. त्याने पितळेची एक घंटा तिच्या टेबलावर ठेवली. इतकी घासलेली, की तिच्यावरची अक्षरं गुळगुळीत होऊन गेली होती.

"ही कुठे होती?" आईने विचारलं.

"समुद्रात."

"समुद्र मोठा आहे."

तो खो खो हसला. "काय बाई, तुम्हीपण! बुडालेल्या वस्तूला काय पत्ता असतो?"

"असतो," आई म्हणाली. "तुम्ही पुसलात. हसू नका, उठा."

तिची चीड मला तेव्हा जरा जास्त वाटली होती. आता वाटत नाही. घंटा कुठल्या बाजूला पडली होती, तिच्याखाली काय होतं, शेजारी कुणाचा पेला होता, कुणाचा जोडा होता, ह्यावरून आम्ही ते जहाज वाचतो. तो माणूस पुस्तक जाळून त्याच्या पितळी कड्या विकणारा. आणि राहिलेल्या एका कडीला वारसा म्हणणारा.

"आईने ह्या संग्रहाला दोनदा नाही म्हटलं होतं," मी संचालकांना म्हटलं.

"वाद काय, माणूस असतो तोवर. आता ते दिलदारपणे बाईंच्याच नावाने देतायत. मोठेपणा बघा!" त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मी फाइल उचलली. "आणि तुमच्या वडिलांनी होकार दिलाय. मी स्वतः घरी जाऊन आलो. डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या."

हे त्यांनी असं सांगितलं, जसं दुकानदार सांगतो की गिऱ्हाइकाला माल पसंत पडला.

बाबा दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केला तरी लोकांशी बोलताना त्यांची नजर डोळ्यांवर न राहता तोंडावर जाते. संध्याकाळी मी गेले तेव्हा ते स्वयंपाकघरात एकट्यापुरता चहा मोजत होते. मला पाहून पाणी वाढवलं.

"तुम्ही मला विचारलं का नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"बाबा, ह्या माणसाला आई दारात उभं करत नव्हती."

"ती कुणालाच दारात उभं करत नव्हती. लग्नाआधी मलापण नव्हती करत." ते हसले नाहीत. "बस. तुझ्या पोटात नेमकं काय दुखतंय, ते तरी सांग."

मी सांगितलं. घंटा, ग्राइंडर, सुरुंग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहा गाळला. मग म्हणाले, "तुला विभाग मिळाला. मला काय मिळालं? जन्मभर ती त्या टाकीपाशी उभी राहिली. पुस्तक लिहिलं नाही, वेळ नाही म्हणाली. बक्षीस नाही. जहाज आहे ते पाण्यात झाकलेलं, कुणाला दिसत नाही. उद्या मी गेलो की ती होती हे सांगणारं ह्या गावात काय उरणार? तू?"

"मी आहे ना."

"तू पण तिच्यासारखीच. तू कुठे कुणाला काही सांगतेस?" त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "एक भिंत मिळतेय, मिळू दे. मी रोज सकाळी फिरायला तिकडून जाईन, बाहेरूनच वाचेन. तुला त्रास नको."

मी चहा संपवला. ती भिंत खोटी आहे हे मी त्यांना पटवू शकले असते. त्यांना ती हवी आहे, त्याचं काय करणार होते?

त्यानंतर काही दिवसांनी भंगारवाल्याची तोफ आमच्या प्रयोगशाळेत आली. दालनात जाण्यापूर्वी 'जरा हात फिरवून द्या' असा संचालकांचा निरोप होता. ओतीव लोखंडाची, माणसाच्या उंचीची तोफ. काळ्या ऑइलपेंटवर वॉर्निशचा थर. खोलीभर तो गोडूस, डोकं धरणारा वास पसरला. आमच्याकडे एक पाणबुड्या आहे, आईबरोबर अनेक मोहिमा केलेला. त्याला सगळे डुबकी म्हणतात. त्याने तोफेभोवती एक चक्कर मारली.

"नवरदेव नटवून आणलाय," तो म्हणाला. "सेंट कुठला मारलाय बघा."

"हात लावू नकोस. खाली बघ."

पोटाखाली, जिथे वॉर्निश पातळ होतं, तिथे बारीक बारीक फोड आले होते. एक फुटला होता आणि त्यातून पिवळट तपकिरी थेंब बाहेर येऊन लोंबत होता. घामासारखा नाही, घट्टसर. जखम चिघळली की येतो तसा.

समुद्रात राहिलेलं लोखंड मीठ पितं. ते बाहेर काढून तसंच सुकवलं, की हवेतला ओलावा त्या मिठाला भेटतो आणि लोखंड आतून कुजायला लागतं. वर असे आंबट थेंब येतात. पहिल्यांदा थेंब, मग खपल्या, मग अख्खी साल सुटून पडते. त्याला कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून, मंद वीज सोडून, वर्षानुवर्षं मीठ काढत बसावं लागतं. वरून रंग मारणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. आमच्या बोलण्यात ह्या आजाराला एक साधा शब्द आहे, आईनेच पाडलेला.

"रडायला लागली की हो ही," डुबकी म्हणाला.

"रडतेच आहे. पुष्कळ दिवस झाले असणार."

दारात संचालक उभे होते, हे आम्हाला दिसलं नव्हतं.

"काय म्हणालात?" त्यांनी पुढे येऊन वाकून पाहिलं. थेंब पाहिला. त्यांचा चेहरा उजळला. मी खरंच सांगते, उजळला. "रडते? तोफ रडते?"

"तो आमचा कामाचा शब्द आहे," मी म्हटलं. "लोखंड सडतंय असा त्याचा अर्थ. हिला दालनात ठेवता येणार नाही. लगेच टाकीत घालावी लागेल."

"हो हो, ते तांत्रिक झालं," ते म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी थेंबाचा फोटो घेतला. तीन-चार बाजूंनी.

पुढच्या रविवारी तो फोटो वर्तमानपत्रात आला. वर मथळा: मोठ्या बाईंसाठी तोफही रडते. खाली संचालकांचे शब्द होते, की जिने समुद्राला आई मानलं, तिच्यासाठी समुद्राच्या पोटातलं लोखंडही आसवं गाळतं, विज्ञानाच्या पलीकडे काही असतं. डुबकीने तो अंक दोन बोटांनी धरून, मेलेलं झुरळ धरावं तसा, कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला.

"बाई असत्या तर त्यांनी ह्या संचालकालाच टाकीत घातलं असतं. कॉस्टिकच्या."

सोमवारपासून लोक विचारत यायला लागले, तोफ कुठाय. एक बाई मुलाला घेऊन आली होती. त्याला थेंब बघायचा होता. दालन अजून बंद होतं, पण काचेची पेटी तयार झाली होती आणि तोफ मला न विचारता तिच्यात नेली गेली होती. मी वर गेले. पेटीत कोपऱ्यात ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या पिशव्या ठेवायच्या असतात. त्या कुणीतरी काढून बाजूला ठेवल्या होत्या.

"मीच काढायला सांगितल्या," संचालक म्हणाले. "त्या ठेवल्यापासून थेंब यायचे बंद झाले होते. उद्घाटनाला मंत्री येणार, पत्रकार येणार, आणि तोफ कोरडी ठाक? कसं दिसेल?" आवाज खाली आणून त्यांनी माझं मनगट धरलं. "एक करा. पेटीत ओला स्पंज ठेवता येईल का? लपवून. त्या दिवसापुरता. तुम्हाला प्रमाण कळतं."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. समोर उभा असलेला हा माणूस, ज्याला संग्रहालयाने वस्तू सांभाळायला पगारावर ठेवलं होतं, मला वस्तू सडवायला सांगत होता, आणि तीही माझ्या आईच्या नावाने. आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. उलट विश्वासाने माझं मनगट थोपटत होता. मी मनगट सोडवून घेतलं. बाहेर बेसिनपाशी जाऊन ते साबणाने धुतलं.

तिथून मी बाबांना फोन केला. काही समजावलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्घाटनाआधी एकदा येऊन दालन बघून जा. तुम्ही होकार दिलाय, तर तुम्ही बघितलं पाहिजे."

ते आले. दाढी करून, बुटांना पॉलिश करून. भिंतीवर दोराची अक्षरं लागली होती आणि खरं सांगायचं तर ती वाईट नव्हती. बाबा त्यांच्यासमोर थांबले. ओठ हलवत त्यांनी आईचं नाव वाचलं, एकदा आणि मग परत. मला वाटलं, मी हरले. आणि हरायला माझी हरकत नव्हती. संचालक एका बाजूला समाधानाने उभे होते. भंगारवालाही आला होता, गळ्यात जाड साखळी, बोटांत अंगठ्या. कामगारांना दिवा इकडे घे, तिकडे घे, सांगत होता.

"या डॉक्टर!" तो म्हणाला. "बघा, वहिनींना कसं बसवलंय."

त्याने कामगाराला खूण केली. भिंतीच्या खालच्या बाजूला पुरुषभर उंचीच्या चौकटीवर कापड होतं, ते ओढलं. खाली आईचा फोटो.

मला तो फोटो माहीत होता. एका मोहिमेवर नावेत काढलेला. ऊन डोळ्यांवर आलंय, कुणीतरी काहीतरी चुकवलंय आणि ती त्याला काहीतरी सांगायच्या बेतात आहे. ओठ मिटलेले. पण भिंतीवरच्या ह्या फोटोत ती हसत होती. दात दाखवून, भरघोस, जाहिरातीतल्या बायका हसतात तसं. डोळे मात्र तेच, रागावलेले.

बाबा पुढे गेले. चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळ गेले, खुर्चीतल्या पेशंटवर वाकावं तसे वाकले.

"हे दात हिचे नाहीत," ते म्हणाले.

"अं?" संचालक.

"वरचा डावा सुळा बाहेर होता तिचा. मी किती वेळा म्हटलं, तार लावू. म्हणायची, राहू दे, कुणाला चावायची वेळ आली तर उपयोगी पडेल." त्यांनी बोट फोटोपाशी नेलं, टेकवलं नाही. "इथे सगळे सरळ आहेत. कुणाचे आहेत?"

"साहेब, हसरा चेहरा बरा दिसतो, म्हणून कॉम्प्युटरवर जरासं..."

"ते कळलं. दात कुणाचे आहेत?"

"कुणाचे असे नाहीत. ते... तयार मिळतात."

"डॉक्टर, दातांचं काय घेऊन बसलात!" भंगारवाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "सांगा, सोन्याचे बसवून देतो वहिनींना!"

तो एकटाच हसला. हसताना त्याचे दात दिसले आणि बाबांनी सवयीने तिकडे पाहिलं. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आरशात गेले कित्येक दिवस पाहत होते, पण त्यांच्यावर पहिल्यांदा पाहिलं. नाक आक्रसलेलं, ओठ आत ओढलेले. साधी, स्वच्छ किळस.

"मी तिचा नवरा," ते हळू आवाजात संचालकांना म्हणाले, "आणि तिचा डॉक्टर. पण विचारल्याशिवाय तिच्या तोंडात मी कधी हात घातला नाही. तुम्ही दुसऱ्याचे दात घातलेत. माझा होकार मी परत घेतो. नाव काढा."

"साहेब, असं कसं? पत्रिका गेल्यात, अक्षरं बसलीत..."

"दोरच आहे ना? उसवा."

"बाई, तुम्ही तरी समजावा त्यांना," संचालक माझ्याकडे वळले. हात पुढे आला. मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तोफेच्या पेटीत पिशव्या परत ठेवा," मी म्हटलं. "आणि स्पंज मी ठेवणार नाही. कुणी ठेवला, तर तोफ का रडते हे मी पत्रकारांना सोप्या भाषेत सांगेन."

बाहेर पायऱ्यांवर बाबा मध्येच थांबले. कठडा धरला.

"छान दिसत होतं गं," ते म्हणाले. "नाव. तेवढं छान दिसत होतं."

"हो."

"आता कुठे लागणार नाही."

"नाही."

ते पुढच्या पायऱ्या एकेक करून उतरले. मी त्यांचा हात धरायला गेले तर म्हणाले, "असू दे, मी काही म्हातारा झालो नाही." आणि मग स्वतःच धरला.

उद्घाटन झालंच. मंत्री आले. दोराची अक्षरं उसवून पुन्हा वळवायला त्यांना वेळ पुरला. भंगारवाल्याने दालनाला स्वतःच्या आईचं नाव दिलं. म्हातारी जिवंत आहे. पहिल्या रांगेत बसवली होती म्हणे आणि कुणीतरी गेलंय असं वाटून ती रडली. तोफ रडली की नाही, मला माहीत नाही. पिशव्या मी स्वतः जाऊन ठेवल्या होत्या. नंतर कुणी काढल्या असतील, तर ते त्यांच्याकडे.

आम्हाला बोलावणं नव्हतं. डुबकी सुटीवर निघून गेला. मी खाली प्रयोगशाळेत होते. वरून लाऊडस्पीकरवर संचालकांचा आवाज झिरपत होता: समुद्र, आसवं, माता. दारावर टकटक झाली. बाबा होते.

"वर गेला होतात?"

"वेडी आहेस का? मागच्या दाराने आलो. रखवालदार ओळखतो, त्याच्या दोन दाढा मी काढल्यात." त्यांनी खोलीभर पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन ते इथे कधी आले नव्हते. आईनेच येऊ दिलं नव्हतं; घाण आहे, म्हणायची, तुला उलटी होईल. "तिचं जहाज कुठाय?"

मी टाकी दाखवली. खोलीच्या टोकापासून टोकापर्यंत, वर जाड पत्र्याची झाकणं.

"हे वर कधी जाणार? लोकांना बघायला?"

"लाकडात पाण्याच्या जागी मेणासारखं रसायन भरावं लागतं, हळूहळू. मग सुकवायचं. अजून पंधरा वर्षं तरी."

"तेव्हा मी नसेन."

असाल की, असं म्हणता आलं असतं, पण त्यांना खोटं बोललेलं चाललं नसतं.

"मग आज दाखव," ते म्हणाले.

झाकण उचललं आणि वास बाहेर आला. कुजकी अंडी, चिखल, मेलेल्या शिंपल्यांचं पाणी; समुद्राच्या तळाने शतकभर पोटात धरून ठेवलेलं सगळं. बाबा दोन पावलं मागे हटले. तोंडावर रुमाल दाबला, डोळ्यांत पाणी आलं, पोटातून उमासा आला तो त्यांनी गिळला.

"शी! काय घाण आहे ही!"

"झाकू का?"

त्यांनी मान हलवली. रुमाल तसाच तोंडावर ठेवून पुढे आले आणि टाकीच्या काठावरून वाकले. हिरवट पाण्याखाली जहाजाची एक बाजू पडली होती, काळी, लांब. प्रत्येक फळीला आईने बांधलेली क्रमांकाची पट्टी, आणि प्रत्येक पट्टीवर तिच्या बारीक अक्षरात एकच माहिती: ही कुठे होती.

"शी," ते पुन्हा म्हणाले, पण आता अगदी सावकाश. वर टाळ्या वाजत होत्या. त्यांनी रुमाल खिशात घातला, बाह्या दुमडल्या आणि शेजारच्या झाकणाची कड पकडली.

"ते टोक धर," ते म्हणाले. "एकट्याला उचलवत नाही मला."